वर्गातले वादविवाद : तुमचे अनुभव लिहा

वादविवाद म्हटलं की पाठ केलेलं भाषण, हातवारे आणि फिरती ढाल. पण बक्षीस नाही, परीक्षक नाहीत, मुलांना दुसऱ्याची बाजू कळावी एवढ्यासाठीच वर्गात वाद कुणी घडवलाय का? शिक्षक, पालक, माजी विद्यार्थी, सगळ्यांनी लिहा.

माध्यमिक शिक्षिका, मुळशी तालुका :
आठवीला १९२१ चा मुळशी सत्याग्रह घेतला, म्हणजे जमिनी बुडवणाऱ्या धरणाविरुद्धचा शेतकऱ्यांचा लढा. टाटांचं धरण व्हावं की नाही? काही मुलांच्या पणजोबांची भातखाचरं त्याच पाण्याखाली गेलेली. धरणाच्या बाजूने बोलायला कुणी उठेना, म्हणून चिठ्ठ्या टाकल्या. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती, कोळसा लांबून आणावा लागे, हे मुलांनी स्वतः शोधून काढलं. मध्येच बाजू बदलायला लावल्या. अट अशी की आधी समोरच्याचा मुद्दा त्याला मान्य होईल असा सांगायचा, मगच खोडायचा. धरणाची बाजू हिरिरीने मांडलेली मुलगी पलीकडे गेल्यावर म्हणाली, "वीज हवी होती हे खरंच. पण जमीन द्यायची का, हे शेतकऱ्याला कुणी विचारलं?" या लढ्याचे नेते सेनापती बापट वर्षानुवर्षं शिकवतेय, नुसता धडा वाचून हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

माजी विद्यार्थी, पुणे :
आमच्या सरांनी १८९१ चं संमतिवयाचं बिल घेतलं होतं. मुलींशी शरीरसंबंधासाठी कायद्याने ठरवलेलं किमान वय १० वरून १२ करायचं की नाही? माझ्या वाट्याला टिळक आले. परक्या सरकारने कायदा करून आमच्या चालीरीतींत हात घालू नये, हे त्यांचं म्हणणं मी जीव तोडून मांडलं आणि शेवटी हात वर केला तो बिलाच्या बाजूने असलेल्या आगरकरांसाठी. सर खूश झाले!

जि. प. शाळेतील शिक्षक :
तिसरी-चौथीत वाद घातला की बोलकी मुलंच बोलतात. मी व्हरांड्यात खडूने रेघ ओढतो. 'मैदान आधी मोठ्यांना मिळावं' : पटलं तर इकडे, नाही तर तिकडे. ऐकता ऐकता मत बदललं की रेघ ओलांडायची. बुजरी पोरं सगळ्यांत जास्त ये-जा करतात.

निवृत्त मुख्याध्यापिका :
वरचं सगळं पटलं, तरी एक सांगते. प्रत्येक विषयाला दोन बाजू देऊ नका. अस्पृश्यता संविधानाच्या कलम १७ ने संपवली. तिच्या बाजूने बोलण्याची चिठ्ठी कुठल्याही मुलाच्या हातात पडता कामा नये. एखाद्या लेकराला वर्गासमोर स्वतःचं माणूसपण सिद्ध करावं लागणार असेल, तर तो विषय मी फळ्यावर लिहीतच नसे. गावची जत्रा, मोबाइल, गृहपाठ यांवर मात्र घंटा होईपर्यंत भांडू द्यायची.