मदत हवी आहे: मराठी माध्यमातून पीयूसी (अकरावी-बारावी) सायन्सला आलेय, टेन्शन झेपत नाही

नमस्कार दादा, ताई. मी खानापूर तालुक्यातली. दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता बेळगावात पीयूसी पहिलं वर्ष, सायन्स. दहावीला गणितात वर्गात पहिली होते, त्यामुळे घरात सगळ्यांना वाटतंय पोरगी हुशार आहे.

इथं मात्र वेगळंच. पुस्तक इंग्रजीत, सर समजावतात कन्नडात. संवेग, त्वरण, अभिक्रिया हे सगळं मला येतं हो! पण सर ‘मोमेंटम’ म्हणाले की तो संवेगच, हे डोक्यात जुळेपर्यंत फळा पुसलेला असतो. हात वर करून विचारायचं, तर कन्नड मोडकंतोडकं. मागच्या बाकावर हसतात.

सकाळी सहाला घर सोडते, परतायला सात. शक्ती योजनेमुळे (कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट) तिकीट नाही, पण बसमध्ये पाय ठेवायलाही जागा नसते, तिथं पुस्तक कुठलं उघडणार! हल्ली टेस्टच्या आदल्या रात्री झोपच येत नाही, पोटात गोळा येतो. आईला सांगितलं तर म्हणाली, देवाचं नाव घे.

मराठी माध्यमातून जाऊन पीयूसी सायन्स निभावलेलं कोण आहे का इथं? इंग्रजी शब्द कसे पक्के केलात? आर्ट्सला बदलून घ्यावं का, की थोडी कळ काढावी? आणि टेली मानस, म्हणजे मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, तिच्या १४४१६ नंबरवर कुणी बोललंय का? फुकट आहे म्हणे, पण मराठीत नीट बोलतात का, आणि घरी कळवतात का, तेवढं सांगा.