६९व्या षटकापर्यंत वॉशिंग्टन सुंदर काय करत होता?

गुगली_डोंबिवली
जुलै २०२५, मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्डवर इंग्लंडविरुद्ध चौथी कसोटी, चौथा दिवस. सकाळपासून प्रत्येक ग्रुपवर एकच पोस्ट फिरतेय. म्हणे, "गिलला शिव्या घालणं बंद करा. आकाशदीप जखमी, अर्शदीप जखमी, नितीश रेड्डी घरी परतलेला. हाताशी गोलंदाजच नसतील तर कॅप्टन काय करणार?" खाली टाळ्यांची रांग.

हाताशी नव्हते? आणि आपला ऑफस्पिनर सुंदर काय ड्रिंक्स घेऊन जायला होता? लॉर्ड्सवर दुसऱ्या डावात २२ धावांत ४ बळी, चारही त्रिफळा, त्यात रूट आणि स्टोक्स. त्याला अजून दोन आठवडेही झाले नाहीत. तोच माणूस ओल्ड ट्रॅफर्डवर पहिला चेंडू टाकतो ६९व्या षटकात! तोवर क्रॉली ८४ आणि डकेट ९४ करून तंबूत जाऊन जेवलेसुद्धा, सलामीलाच १६६ झालेल्या, पोप आणि रूटचं बस्तान बसलेलं. सुंदर आला, थोड्या वेळात पोप स्लिपमध्ये आणि ब्रूक यष्टिचीत. मग?

१५७ षटकं आणि ६६९ धावा. शार्दूलला त्यातली फक्त ११ षटकं. फिरकीपटू कुलदीप चौथ्या कसोटीतही बाकावर. कोच गंभीरला आठ नंबरपर्यंत बॅट पाहिजे म्हणून अर्धेमुर्धे गोलंदाज घ्यायचे आणि मैदानात गेल्यावर कॅप्टनने त्यांच्यावरही भरवसा ठेवायचा नाही. गोलंदाजी बेकार पडली हे खरंच. पण जी होती ती तरी वापरली का? दुखापतींचं पांघरूण कुठवर ओढणार?

(लिहितोय तोवर आपण लंचला २ बाद १. वोक्सने पहिल्याच षटकात जैस्वाल आणि सुदर्शनला लागोपाठ काढलं. दोघेही भोपळा. आज जेवण जाणार नाही.)

कव्हरपॉइंट
ती पोस्ट मीच लिहिली होती, त्यामुळे उत्तर देणं आलं.

पोरगा २५ वर्षांचा, कॅप्टन म्हणून चौथी कसोटी. पहिल्या दोन सामन्यांत ५८५ धावा केल्या त्याने. बर्मिंगहॅमला बुमराह नसताना ३३६ धावांनी जिंकलो, तेव्हा या धाग्यावरचे सगळे कुठे होते? तेव्हा आकाशदीपने १० बळी घेतले म्हणून कौतुक आकाशदीपचं, आता ६६९ झाल्या म्हणून शिव्या गिलला. छान आहे हिशेब.

नवा चेंडू कसा टाकला ते बघितलंत ना? एक लेग स्टंपवर, दुसरा ऑफच्या बाहेर रुंद. कंबोजचं पदार्पण, वेग १३०ला टेकेना. बुमराहने आयुष्यात पहिल्यांदा कसोटीच्या एका डावात शंभरावर धावा दिल्या, ११२. लाइन-लेंथ कॅप्टन टाकत नाही.

नाना_गोरेगाव
मुलांनो, फिरकीवर विश्वास ठेवणारा कॅप्टन आम्ही पाहिलाय. १९७१, ओव्हल. चंद्रशेखर ३८ धावांत ६, इंग्लंड सर्वबाद १०१. अजित वाडेकरांनी चंद्राला चेंडू दिला आणि एकनाथ सोलकरला शॉर्ट लेगला नेऊन उभा केला, हेल्मेट नाही, काही नाही. धावा जातील म्हणून घाबरले नाहीत. आमच्या चाळीत एकच ट्रान्झिस्टर, तो ज्यांच्याकडे होता त्यांच्याकडे त्या दिवशी सगळ्यांचा चहा. आताचे कॅप्टन पहिला चौकार गेला की डीप पॉइंट लावतात.

मिडऑन_मिलिंद
नाना, नमस्कार करून विचारतो. १९७४चा लॉर्ड्स त्या ट्रान्झिस्टरवर लागत नव्हता का? सर्वबाद ४२. मालिका ३-०. कॅप्टन तेच.

नाना_गोरेगाव
लागत होता. आम्ही बंद केला. तुम्हाला त्या ४२ची मौज वाटते, आम्ही ते ४२ घरच्यांपासून लपवले होते.

पालघर_लोकल
शार्दूलला अर्धामुर्धा म्हणणाऱ्या डोंबिवलीकराला एकच सांगतो. २०२१, गॅबा, ६ बाद १८६. तिथून शार्दूल ६७, सुंदर ६२, सातव्या विकेटसाठी १२३. आज ज्या सुंदरचा पुळका आलाय ना, तो त्या दिवशी आमच्या पोराच्याच जोडीने उभा राहिला. जोहान्सबर्ग २०२२, ६१ धावांत ७. ते कुणी अर्ध्या गोलंदाजाने घेतले?

याच मालिकेत लीड्सला पहिल्या डावात सहा षटकं, मग दोन सामने बाहेर, इथे ११. लय लागायला माणसाच्या हातात चेंडू तरी पाहिजे! पालघरहून किटबॅग घेऊन लोकलने मैदानावर जायचं म्हणजे काय ते विरारच्या गर्दीत कधी चढलेल्यालाच कळेल. मी रोज चढतो, नुसता डबा घेऊनही मार खातो.

वऱ्हाडी_ठेचा
आलं का पुन्हा लोकलपुराण! काहून बाप्पा, लोकलमध्ये किटबॅग नेली म्हणून इंडिया कॅप भेटते का? आमच्या हर्ष दुबेनं गेल्या रणजी मोसमात ६९ बळी घेतले. एका मोसमातला विक्रम हाये तो. वरून बॅटिंगही करते. डावखुरा फिरकीपटू, तुमच्या गंभीरले जसा पाह्यजे तसा. इंडिया 'अ'च्या संघात इंग्लंडले नेला आन् मोठ्या संघाच्या वेळी नाव नाही. मुंबईचा असता तं सहाव्या सामन्यातच कसोटी खेळला असता.

शिवाजीपार्क_कट्टा
हे बघा, मुंबई लॉबी निघालीच. कसोटी कुठेही चालू असो, नागपूरचा माणूस तिसऱ्या प्रतिसादात लॉबीवर येतो.

मुंबईच्या नावावर ४२ रणजी, साहेब. बेचाळीस. ६९ बळींतले नागपुरातल्या तुमच्या जामठ्याच्या खेळपट्टीवरचे किती तेही सांगा. आणि त्या संघात जडेजा असताना दुसरा डावखुरा फिरकीपटू घेऊन काय करायचं होतं?

वऱ्हाडी_ठेचा
जामठा, जामठा! त्याच जामठ्यावर यंदाच्या रणजी सेमीफायनलमध्ये ८० धावांनी तुम्हीच हरले ना? सूर्या, रहाणे, शिवम दुबे, शार्दूल, सगळे घेऊन आले होते. खेळपट्टी काय एका संघालेच दिसते?

आन् घरच्या खेळपट्टीचं तुम्ही तं बोलूच नका. न्यूझीलंडसमोर वानखेडेवर १४७ करायच्या होत्या, २५ धावांनी हरलो, एजाज पटेलनं सामन्यात ११ नेले. तोही मुंबईतच जन्मला. न्यूझीलंडले पाठवला म्हणून चमकला, इथं ऱ्हायला असता तं तुम्ही लाँग-ऑनले उभा केला असता.

शिवाजीपार्क_कट्टा
तुम्ही आयुष्यात लेदर बॉल हातात घेतलाय का? मी मुंबईची कांगा लीग खेळलोय. पावसात, ओल्या विकेटवर, गुडघाभर गवतात. मी ऑफस्पिनर. आमचा कॅप्टन एका कंपनीत साहेब होता, स्वतः मध्यमगती टाकायचा आणि मला ऑगस्टभर डीप फाइन लेगला ठेवायचा. चेंडू टर्न होतोय हे स्क्वेअर लेगच्या अंपायरला दिसत होतं, साहेबांना नाही. म्हणून सांगतो, सुंदरच्या बाबतीत डोंबिवलीकर बरोबर बोलतोय. पण विदर्भाचा यात संबंध काय? रणजीतला सामना वेगळा, कसोटीतला जो रूट वेगळा. रूटने याच डावात कसोटी धावांत द्रविड, कॅलिस, पॉन्टिंग तिघांना मागे टाकलं, त्याला तुमचा पोरगा काय करणार होता?

वऱ्हाडी_ठेचा
म्हंजे तुमच्यावर अन्याय झाला तं तो कॅप्टनचा दोष, आमच्यावर झाला तं रणजीचा दर्जा. वा रे वा!

मीनल_सांगलीकर
तुम्हा दोघांचं मुंबई-नागपूर आटोपलं असेल तर एक सांगू? याच जुलैमध्ये, याच इंग्लंडमध्ये, भारताच्याच महिला संघाने टी-२० मालिका ३-२ आणि वनडे मालिका २-१ अशी जिंकलीय. मंगळवारी हरमनप्रीतचं शतक, क्रांती गौडचे ५२ धावांत ६. टी-२०च्या पहिल्या सामन्यात हंगामी कॅप्टन स्मृती होती, ११२ ठोकल्या. इथे त्यावर धागा शोधला. नाही. पुरुषांनी ६६९ खाल्ल्या की मात्र सगळे जागे.

मिडऑन_मिलिंद
ताई, अभिनंदन आहेच, पण तो विषय वेगळा.

मीनल_सांगलीकर
नेहमीच वेगळा असतो, दादा.

सॅलफर्डकर
मी दोन दिवस मैदानात होतो, तिकिटाचे पाउंड अजून क्रेडिट कार्डवर आहेत, त्यामुळे मला बोलायचा हक्क आहे. शेजारी लँकेशायरचे आजोबा बसले होते, वहीत स्कोअर लिहीत. दर थोड्या वेळाने विचारत, तुमचा तो उंच ऑफस्पिनर जखमी आहे का? मी काय सांगणार. तो तर समोर हात फिरवून गरम होत होता आणि परत आपल्या जागेवर जाऊन उभा राहत होता.

मुख्य गोष्ट कुणी बोललंच नाही. डकेट डावखुरा. स्टोक्स डावखुरा. ऑफस्पिनरचा चेंडू त्यांच्यापासून बाहेर वळतो. अश्विनने वर्षानुवर्षं स्टोक्सला असाच छळला. आणि आपण डकेटला काय दिलं? जडेजा, ज्याचा चेंडू त्याच्या आत येतो, आणि ज्याला डकेट लीड्सला ३७१च्या पाठलागात रिव्हर्स स्वीप मारमारून १४९ करून गेला होता. यात कंबोजचा वेग कुठे आला? हा डोक्याचा प्रश्न आहे.

कव्हरपॉइंट
मुद्दा आहे. पण डकेट ऑफस्पिनलाही झाडू मारतो, आणि सुंदरची शेवटची आकडेवारी बघा, २८ षटकांत १०७. स्टोक्स १४१ करून गेलाच.

सॅलफर्डकर
तो जमल्यावर. शून्यावर असताना नाही.

कव्हरपॉइंट
बरं बाबा. ६९व्या ऐवजी २५व्या षटकात द्यायला हवा होता. लिहून देऊ? स्टॅम्प पेपरवर? पण मग इंग्लंडच्या ६६९ऐवजी ५५० झाल्या असत्या आणि तुम्ही फील्डिंगवर धागा काढला असता.

गुगली_डोंबिवली
५५० आणि ६६९मध्ये ११९ धावांचा फरक असतो. कसोटी त्यातच वाचते किंवा जाते. लॉर्ड्सला २२ धावांनी गेली, विसरलात?

पालघर_लोकल
स्टंप्स. २ बाद १७४. राहुल ८७, गिल ७८. शून्यावर दोन गेले तिथून. ज्याला सकाळपासून धुताय तोच उभा आहे.

गुगली_डोंबिवली
गिलच्या बॅटबद्दल मी एक अक्षर लिहिलं नाही, वर जाऊन वाच. उद्या द्विशतक केलं तरी ६९वं षटक ६९वंच राहणार. आणि अजून १३७ने मागे आहोत.

वऱ्हाडी_ठेचा
पाचव्या दिवशी चेंडू वळन तवा समोरून इंग्लंडचा डॉसन टाकन. आठ वर्षांनी कसोटीत परत बोलावला त्यायनं, डावखुरा फिरकीपटू. त्यायले घरचं क्रिकेट दिसते राजेहो. आपल्याले नाही दिसत.

शिवाजीपार्क_कट्टा
झालं, परत दुबे.

पालघर_लोकल
उद्या मॅच वाचवायला शार्दूलला पॅड बांधावे लागले तर मला टॅग करू नका. किंवा करा, पण आधी डोंबिवलीकराने माफी टाईप करून ड्राफ्टमध्ये ठेवावी.