७९-अ ची नोटीस: आपल्या इमारतीसाठी हिशेब

खोली २२: सगळ्यांना नम्र विनंती, दोन कायद्यांतली दोन ७९-अ एकत्र करू नका. सहकार कायद्यातलं कलम ७९-अ नोंदणीकृत सोसायट्यांच्या पुनर्विकासासाठी आहे. आपण उपकरप्राप्त, म्हणजे म्हाडाला दुरुस्तीचा उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतीतले भाडेकरू, त्यामुळे आपल्याला लागू होतं ते म्हाडा कायद्यातलं. ते कलम आणणाऱ्या दुरुस्तीला २०२२मध्ये राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली.

खोली ७: म्हणजे मालक गप्प बसला तरी पुनर्विकासाचं काम अडणार नाही ना, काका?

खोली २२: हेतू तोच आहे. इमारत धोकादायक ठरली की मालकाला नोटीस जाते. त्याने ५१ टक्के भाडेकरूंच्या संमतीपत्रांसह सहा महिन्यांत प्रस्ताव द्यायचा. नाही दिला तर पुढचे सहा महिने भाडेकरूंच्या नियोजित सोसायटीला मिळतात. आपणही चुकलो तर म्हाडा भूसंपादन करून स्वतः बांधू शकते.

खोली १५: पण म्हाडाच्या त्या नोटिसा हायकोर्टाने रद्द केल्या ना?

खोली २२: हो, जुलै २०२५मध्ये, ९३५ नोटिसा. मुद्दा अधिकाराचा होता. इमारत धोकादायक असल्याचा निर्णय सक्षम अधिकाऱ्याने घ्यायला हवा किंवा महापालिकेची, धोकादायक इमारतींसाठीची कलम ३५४ची नोटीस हवी. म्हाडाच्या कार्यकारी अभियंत्याने नुसतं पाहून नोटीस काढली तर ती टिकत नाही. कायदा वेगासाठी आणला, पण पाया कच्चा ठेवला की वर्षं कोर्टातच जातात. याचं मला फार वाईट वाटतं, कारण पावसाळा तारखेसाठी थांबत नाही. म्हणून स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, आधी. आणि नोटीस आलीच, तर त्या दिवशी कोर्टाचे कोणते आदेश लागू आहेत ते वकिलाकडून लेखी घ्यायचं.

खोली ३०: माझी खोली १८० फुटांची आहे. किती मिळेल?

खोली १५: ताई, उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासाचा मुंबईचा नियम ३३(७) आहे, त्यात किमान ३०० चौरस फूट कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली जागा. मोठ्या खोलीला आहे तेवढी जागा, कमाल १२९२. विकासकाला पुनर्वसन क्षेत्राच्या ५० टक्के प्रोत्साहन चटई क्षेत्र, म्हणजे जादा बांधकामाची परवानगी. दोन ते पाच प्लॉट एकत्र आले तर ६०, सहा किंवा जास्त असतील तर ७०. शेजारच्या दोन्ही चाळींशी बोलायला हवं ते यासाठी. एकट्या छोट्या प्लॉटवर पार्किंग आणि जिन्यातच जागा संपते.

खोली ७: संमती किती लागतील?

खोली १५: आपल्या ४८ खोल्यांचे ५१ टक्के म्हणजे २४.४८, म्हणजे २५. पण काठावर राहू नका. पात्रता तपासताना १३ जून १९९६ पूर्वीचा ताबा बघतात. मूळ भाडेकरू वारला आणि पावती वारसाच्या नावावर नाही, अशी संमती गळते. निदान ३२ गोळा करा.

खोली २२: मालकाचे सहा महिने चालू असतानाच आपली कागदपत्रं तयार हवीत. आपली पाळी आल्यावर आर्किटेक्ट शोधायला निघालो तर मुदत पुरणार नाही. रविवारी भाडेपावती, जुनं वीजबिल, मतदार यादीतल्या नोंदीच्या झेरॉक्स खोली १५मध्ये द्या. खोली ९ आणि ४१, तुमच्या वारस नोंदी आधी बघू.