विहिरीवरच्या इंजिनात वड्याचं तेल चालंल का?

तासगावकर: जुनं सिंगल सिलिंडर डिझेल इंजिन आहे, चुलत्याचा वडापावचा गाडा असल्यानं जळकं तेल फुकट मिळतंय, गाळून डायरेक्ट टाकू का?

मिरजेचा फिटर: थंड इंजिनात नको ओ. तेल डिझेलच्या दहापट घट्ट, डिझेल फवारणारा नोझल नीट फवारा मारत नाही, काजळी धरते अन् पिस्टनच्या रिंगा चिकटतात. डिझेलवर चालू करा, तेल ७०-८० डिग्रीला तापवून मग सोडा, बंद करायच्या आधी परत डिझेल. मी कंटाळा केला, एक डिझेलचा पंप गेला.

कराडकर: रॉकेल मिसळलं तर?

मिरजेचा फिटर: पातळ होतं पण वंगण कमी पडतं, पंप झिजतो.

पलूसवाला: परदेशात घरं तापवायचं हीटिंग ऑइल म्हणजे जवळपास डिझेलच, त्यावर कर कमी, ते गाडीत टाकून केलेली करचोरी कळावी म्हणून बऱ्याच देशांत लाल रंग घालतात. अन् १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात डिझेल इंजिन शेंगतेलावर चालवलेलं, आता शेंगतेलाचा भाव बघा राव!