चालू असलेला घटस्फोटाचा दावा परस्पर संमतीत बदलताना: अर्ज, सहा महिने, ४९८-अ आणि पैशांचा क्रम

कृष्णाकाठ
मामेबहिणीसाठी विचारतेय. पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात तिच्या नवऱ्याने २०२२ मध्ये क्रूरतेच्या कारणावरून, म्हणजे हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ खाली, दावा टाकलेला आहे. मार्च २०२२ पासून दोघं वेगळे राहतात. तिचा कौटुंबिक हिंसाचाराचा अर्ज चालू आहे. शिवाय २०२३ चा ४९८-अ चा, म्हणजे सासरच्या छळाचा, गुन्हा आहे, त्यात नवरा, सासू आणि नणंद आरोपी आहेत, दोषारोपपत्रही दाखल झालंय. कलम २४ खाली महिना १५,००० अंतरिम पोटगी मंजूर आहे, त्यातली सात महिन्यांची थकली आहे.

आता मध्यस्थीत ठरलंय असं: १८ लाख एकरकमी, मुलगा (वय ६) आईकडे, आणि दोघांच्या नावावरच्या फ्लॅटमधला त्याचा हिस्सा तिला. फ्लॅटचं कर्ज बाकी आहे. त्याचे वकील म्हणतात, आधी हा दावा काढून घेऊ, मग १३-ब खाली, म्हणजे परस्पर संमतीने घटस्फोटाचा, नवीन टाकू. हे बरोबर आहे का? परत सहा महिने थांबावं लागेल का? आणि मध्येच तो फिरला तर?

रोजनामा
दावा काढून घ्यायला अजिबात मान्यता देऊ नका. कलम २४ ची पोटगी मूळ दावा चालू असेपर्यंतचीच असते. दावा निकाली निघाला की पुढच्या महिन्यांची पोटगी थांबते, मागच्या थकबाकीसाठी वेगळी वसुली करत बसावं लागतं, आणि नवीन अर्जावर त्याने सही केलीच नाही तर बहिणीच्या हातात काही उरत नाही. त्याच्याही हिताचं नाही ते. पुन्हा दाखल करण्याची मुभा न घेता दावा काढला, तर त्याच कारणावर पुन्हा येताना त्याला अडचण येते.

चालू दाव्यातच दोघांच्या सहीने रूपांतराचा अर्ज द्या: कलम १३ ची मागणी वगळून १३-ब खाली हुकूमनामा (घटस्फोटाचा अंतिम निकाल) द्यावा. सोबत संमतीच्या अटी जोडा. प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या, शेवटी दोन्ही वकिलांच्या ओळख पटवल्याच्या सह्या. मध्यस्थांपुढे लिहून झालेला समझोता असेल तर त्याची प्रतही लावा, सहा महिने माफ करून घेताना ती उपयोगी पडते. पुण्यामुंबईत अशा वेळी 'ए' पिटिशनचं (वादातल्या अर्जाचं) 'एफ' पिटिशन (परस्पर संमतीचा अर्ज) होतं. त्यामुळे नवा क्रमांक दिसला तर घाबरू नका.

अर्जात एक वाक्य आवर्जून घाला: हुकूमनाम्याआधी कोणी संमती मागे घेतली, तर मूळ दावा ज्या टप्प्यावर होता तिथून पुढे चालेल आणि अंतरिम पोटगीचा आदेश तोपर्यंत कायम राहील. हे वाक्य नसल्यामुळे पुढे 'मूळ मागणी तुम्हीच सोडली' असा वाद उभा राहतो.

थकलेल्या सात महिन्यांचे १,०५,००० रुपये अठरा लाखांत धरलेत की वेगळे, हेही अटींत स्पष्ट लिहा. यावर दोन्ही बाजूंनी मोघम बोललेलं असतं आणि शेवटच्या तारखेला त्यावरूनच गाडी अडते.

वडाखालचा
सहा महिन्यांबद्दल. इंटरनेटवर 'पहिलं मोशन, दुसरं मोशन' वाचून गोंधळू नका, ती दिल्लीकडची पद्धत आहे. आपल्याकडे अर्ज एकच. तो दाखल होतो, विवाह समुपदेशकांकडे जातो आणि मुदतीनंतर पुराव्याची प्रतिज्ञापत्रं देऊन निकाल होतो. १३-ब (२) प्रमाणे अर्ज दाखल झाल्यापासून सहा महिन्यांनंतर आणि अठरा महिन्यांच्या आत दोघांनी मिळून निकाल मागायचा असतो.

२०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर या प्रकरणात सांगितलं की ही सहा महिन्यांची अट सक्तीची नाही, न्यायालय ती माफ करू शकतं. त्यासाठी काय पाहतात? अर्जाआधीच वेगळं राहून एकूण दीड वर्ष झालेलं हवं, मनोमीलनाचे प्रयत्न संपलेले हवेत, पोटगी, ताबा वगैरे सगळं खरोखर मिटलेलं हवं, आणि थांबण्याने फक्त त्रास लांबणार असेल. माफीचा अर्ज मूळ अर्जानंतर एका आठवड्याने देता येतो. तुमच्या प्रकरणात मार्च २०२२ पासूनचं वेगळं राहणं आहे, म्हणजे पहिली अट सहज बसते.

अडकतं ते तिसऱ्या अटीवर. 'फ्लॅटचं नंतर बघू', 'सुट्ट्यांत मुलगा कुणाकडे हे आपसांत ठरवू' असं अटींत दिसलं की न्यायाधीश म्हणतात, मिटलेलंच नाही तर घाई कशाला. आणि 'मूळ दावा २०२२ चा आहे म्हणजे सहा महिने झालेच' यावर विसंबून राहू नका. रूपांतराच्या अर्जाबरोबरच माफीच्या अर्जाचीही तयारी ठेवा.

वेगळं राहण्याची तारीख मूळ दावा, तिचं उत्तर, हिंसाचाराचा अर्ज आणि नवीन प्रतिज्ञापत्र या सगळ्यांत सारखी आहे का, हेही तपासा. एका कागदात मार्च आणि दुसऱ्यात ऑगस्ट असेल तर आधी खुलासा करा.

उत्तरा_नागपूर
तो फिरला तर: हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कोणीही संमती मागे घेऊ शकतं, सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच सुरेष्टा देवी प्रकरणात हे सांगितलंय. गैरहजर राहिला म्हणून संमती आहे असंही धरता येत नाही. त्यामुळे 'सही झाली, आता तो बांधला गेला' असं समजू नका. अटींत दोघांची न्यायालयाला दिलेली हमी म्हणून वाक्य ठेवा. हमी मोडली तर अवमानाची कारवाई मागता येते, पण घटस्फोट त्याच्या गळ्यात बांधता येत नाही.

खरं संरक्षण पैशांच्या क्रमात आहे. माझं मत असं: ६ लाख रूपांतराच्या अर्जाच्या दिवशी, ६ लाख उच्च न्यायालयात गुन्हा रद्द होण्यासाठी ती संमतीचं प्रतिज्ञापत्र करेल त्या दिवशी, उरलेले ६ लाख हुकूमनाम्याच्या दिवशी न्यायालयात डिमांड ड्राफ्टने, आणि न्यायालयाच्या रोजनाम्यात (रोजच्या कामकाजाच्या नोंदीत) त्याची नोंद. उच्च न्यायालयाची तारीख लांबली तर शेवटचा हप्ता न्यायालयात जमा ठेवायचा आणि गुन्हा रद्द झाल्यावर तिने उचलायचा. म्हणजे दोघांनाही धाकधूक राहत नाही.

ड्राफ्टची मुदत तीन महिनेच असते. फार आधी काढून ठेवला तर तारखेला तो शिळा निघतो. आणि तिचं बँक खातं माहेरच्या नावाचं आहे की सासरच्या, ते बघूनच ड्राफ्टवर नाव घाला. नावातल्या फरकामुळे ड्राफ्ट खात्यात जमा होत नाही, हे फार वेळा घडतं.

४९८-अ परस्पर मागे घेता येत नाही. उच्च न्यायालयात भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ खाली (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं ४८२) रद्द करून घ्यावा लागतो. याचिकेत सासू आणि नणंद दोघींनाही अर्जदार करा. फक्त नवऱ्याचं नाव घातलं, तर बाकीच्यांवर खटला चालूच राहतो आणि मग सगळी तडजोड डळमळते. 'खालच्या कोर्टात तिने साक्ष फिरवावी' असा सल्ला कोणी दिला तर साफ नकार द्या, शपथेवर खोटं बोलण्याचं ओझं तिच्यावर येतं. हिंसाचाराचा अर्ज मात्र दंडाधिकाऱ्यांपुढे पुरशिस (न्यायालयाला दिलेलं लेखी निवेदन) देऊन काढता येतो. ती पुरशिस आधीच सही करून देऊ नका, हुकूमनाम्याच्या आठवड्यात द्या.

कृष्णाकाठ
फार उपयोगी. फ्लॅटचं काय? अटींत 'हिस्सा पत्नीला दिला' एवढं लिहिलं की पुरेल का?

वडाखालचा
पुरणार नाही. घटस्फोटाच्या दाव्यात फ्लॅट हा वादाचा विषय नव्हता, म्हणून नुसत्या हुकूमनाम्यावर मालकी नोंदवून घ्यायला गेलात की नोंदणीचा प्रश्न उभा राहतो. सरळ बक्षीसपत्र करा, आणि ते हुकूमनाम्याआधी करा. महाराष्ट्रात नवऱ्याने बायकोला दिलेल्या राहत्या घराच्या बक्षीसपत्राला मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. घटस्फोट झाल्यावर ते नातंच उरत नाही, सवलतही जाते. महापालिका हद्दीत वर अधिभार लागू शकतो, दुय्यम निबंधक कार्यालयात आधी आकारणी काढून घ्या. दस्तात मोबदल्याचा उल्लेख येऊ देऊ नका, आला की ते बक्षीस राहत नाही.

मात्र कर्ज चालू असताना बँकेचं लेखी ना-हरकत हवं. आणि नवऱ्याचं नाव कर्जातून निघेलच असं नाही. बँक तिचं एकटीचं उत्पन्न पाहते, तडजोडीच्या अटी तिला बांधील नसतात. उत्पन्न पुरेसं नसेल तर अठरा लाखांतले काही थेट कर्जखात्यात भरायचे, असं अटींत लिहा. त्याला नंतर हप्त्यांची नोटीस गेली तर नवं भांडण सुरू होतं.

रोजनामा
मुलाबद्दल एक दुरुस्ती. मसुद्यांत 'आई मुलासाठी कधीही पोटगी मागणार नाही' असं सर्रास घातलं जातं. मुलाचा हक्क आईला सोडता येत नाही, पुढे गरज पडली तर तो मागता येतो. त्यामुळे अठरा लाखांतले किती मुलाचे हे वेगळं दाखवा, शक्य असेल तर त्याच्या नावाने मुदत ठेव करा, ती पावती न्यायालयात दाखवा. भेटीचे वार, वेळ, जागा, दिवाळी आणि मे महिन्याची वाटणी, व्हिडिओ कॉलचा दिवस, सगळं आकड्यांत लिहा. पासपोर्टच्या अर्जावर वडील सही देतील, हेही. ते राहून गेलं तर प्रवासाच्या ऐन वेळी अडवणूक होते. दागिन्यांची यादीही अटींना जोडा, परत मिळालेल्या वस्तूंसमोर तिची पोचसही घ्या.

निकालाच्या दिवशीच प्रमाणित नकलेचा अर्ज टाका, दोन प्रती मागा. एक बँकेला आणि पासपोर्ट, विमा, भविष्यनिर्वाह निधीच्या कागदांसाठी लागते, दुसरी तिच्याजवळ राहू द्या.