सूर्याचा पण प्लॅनेटरी नेब्युला होणार का?

निशाचर: काल ८ इंची दुर्बिणीतून पहिल्यांदाच रिंग नेब्युला (एम ५७) बघितला, अभिजितपासून जवळच स्वरमंडलात. धुराचं इवलंसं राखाडी कडं, फोटोतले रंग काहीच नाहीत, तरी डोळा काढवेना. हा प्लॅनेटरी नेब्युला, म्हणजे मरणाऱ्या ताऱ्याने बाहेर टाकलेला चमकणारा वायू. आपल्या सूर्याचं पण शेवटी हेच होणार ना? आणि मरणाऱ्या ताऱ्याच्या नावात प्लॅनेट कुठून आलं?

ध्रुवमत्स्य: नाव खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेलमुळे. १७८१ला त्यांनी युरेनस शोधला, पुढे आकाश धुंडाळताना असले गोल फिकट ठिपके दिसले ते ग्रहाच्या बिंबासारखे वाटले, झालं. मराठीत बिंबाभ्रिका म्हणतात, मला तो शब्द जास्त बरोबर वाटतो, त्यात ग्रहाची भानगडच नाही. रंग दिसत नाहीत कारण इतक्या मंद उजेडात आपल्या डोळ्याला रंग कळतच नाहीत.

रोहिणी_नक्षत्र: सूर्याचं जरा काठावरचं प्रकरण आहे. अजून साधारण ५ अब्ज वर्षांनी गाभ्यातला हायड्रोजन संपणार, सूर्य फुगून तांबडा राक्षसी तारा होणार, मग हेलियम जळून कार्बन-ऑक्सिजनचा गाभा उरणार आणि बाहेरचे थर वाऱ्यासारखे निघून जाणार. पण नुसता वायू सुटून भागत नाही, तो उजळायला उघडा पडलेला गाभा निदान ३० हजार अंशांपर्यंत तापायला हवा, तेव्हा कुठे पुरेसे अतिनील किरण मिळतात. वायू पसरतोय सेकंदाला २०-३० किमी वेगाने, म्हणजे काही हजार वर्षांत विरळ होऊन दिसेनासा होणार, आणि हलक्या ताऱ्याचा गाभा तापतो सावकाश. म्हणून सूर्याला हे जमणारच नाही असं बरीच वर्षं मानत होते, २०१८च्या नव्या गणितांत मात्र गाभा आधी समजत होते त्यापेक्षा लवकर तापतो असं निघालं, म्हणजे सूर्याचा नेब्युला होईल, पण फिकटच. मागे उरेल श्वेत बटू, सूर्याच्या निम्म्या वस्तुमानाचा आणि आकाराने पृथ्वीएवढा!

निशाचर: बापरे, म्हणजे काल बघितलं ते कडं पण थोड्याच हजार वर्षांचं सोबती. आज परत लावतो दुर्बीण.

ध्रुवमत्स्य: ओ-थ्री फिल्टर असेल तर लावा. १८६४ला खगोलशास्त्रज्ञ हगिन्सना कॅट्स आय नावाच्या अशाच एका नेब्युलाच्या वर्णपटात हिरव्या रेषा सापडल्या, ओळखीच्या कुठल्याच मूलद्रव्याशी जुळेनात म्हणून नेब्युलियम नावाचं नवं मूलद्रव्यच मानलं गेलं, शेवटी १९२७ला बोवेन या भौतिकशास्त्रज्ञाने दाखवलं की तो दोन इलेक्ट्रॉन गमावलेला साधा ऑक्सिजन आहे. फिल्टर नेमका तोच उजेड आत सोडतो. आणि थेट बघू नका, नजर जराशी बाजूला ठेवा, कडं जास्त ठळक दिसेल.