नाईटवर मुंबईत महिना कसा काढावा?

प्रश्न – कृष्णाकाठचा

नमस्कार. मी सांगली जिल्ह्यातला, वय २६. महाविद्यालयात तीन वर्षे एकांकिका केल्या, राज्य नाट्य स्पर्धेत दोनदा काम केले आणि अडीच वर्षांपूर्वी मुंबईत आलो. डोंबिवलीत चार जणांबरोबर कॉट बेसिसवर राहतो. सध्या एका व्यावसायिक नाटकात माझी दोन प्रवेशांची भूमिका आहे आणि तिची मला १,५०० रुपये नाईट, म्हणजे एका प्रयोगाचे मानधन, मिळते. मे महिन्यात १४ प्रयोग झाले तेव्हा कसेबसे भागले. जुलैत चारच प्रयोग लागले आणि भाडे, खानावळीचा डबा व लोकलचा पास एवढे देण्यासाठीही घरी फोन करावा लागला. वडिलांनी काहीही न विचारता त्याच दिवशी पैसे पाठवले आणि त्यांनी काही विचारले नाही याचेच मला अधिक वाईट वाटले.

आता माझ्यापुढे दोन पर्याय आहेत. एका दैनंदिन मालिकेत नायिकेच्या दिराचे काम विचारले आहे. चित्रीकरण घोडबंदर रस्त्यावर असून महिन्याचे वीस-बावीस दिवस मागत आहेत. दुसरा पर्याय ऐरोलीतील एका कॉल सेंटरमधील रात्रपाळीचा असून तेथे ठरलेला पगार आहे, परंतु सुट्टीचे दिवस आठवड्यागणिक बदलतात. शिवाय ऑक्टोबरमध्ये एका नव्या नाटकाच्या तालमी सुरू होत आहेत आणि त्यात मला प्रथमच मोठी भूमिका मिळाली आहे. मात्र चाळीस-पंचेचाळीस दिवसांच्या तालमींचे पैसे मिळणार नाहीत.

या क्षेत्रात अधिक वर्षे काढलेल्यांनी कृपया सांगावे की यातून कोणती वाट धरावी, आणि तालमीच्या काळात निर्मात्याकडे निदान प्रवासखर्च मागणे शोभते का. आणखी एक गोष्ट विचारतो. गेल्या वर्षी एका संस्थेबरोबर केलेल्या नऊ प्रयोगांच्या नाईट अजून मिळालेल्या नाहीत. तेथील व्यवस्थापक आता फोनही उचलत नाहीत. संस्थेचे नाव येथे लिहू इच्छित नाही, पण अशा वेळी काय करतात?

उत्तर – विंगेतून

मी एकोणीस वर्षे व्यावसायिक रंगभूमीवर काम करते आहे. त्यांतली पहिली सात वर्षे अगदी तुम्ही वर्णन केली आहेत तशीच होती, म्हणून सविस्तर लिहिते.

तुम्ही महिन्याचा हिशेब मांडला आहे, पण नाटकाचा हिशेब वर्षाचा मांडावा लागतो. मे महिना आणि दिवाळीची सुट्टी हे आपले भरलेले दिवस. पावसाळ्यात प्रयोग कमी होतात, गणपतीच्या दहा दिवसांत नाट्यगृहांतील तिकीटविक्री मंदावते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षांमुळे कुटुंबे घराबाहेर पडत नाहीत. मे महिन्यातील १४ नाईटपैकी चार-पाच नाईटची पाकिटे बाजूला ठेवली असती तर जुलै निभावला असता. हे दोष देण्यासाठी म्हणत नाही. मलाही हे कळायला तीन पावसाळे जावे लागले. याच मंदीच्या दिवसांत सुपारीचे प्रयोग मात्र असतात. उत्सव मंडळे, गृहसंकुले आणि कोकण-गोव्यातील देवस्थानांचे उत्सव ठरावीक रकमेवर नाटक बोलावतात, आणि त्या दौऱ्यांत नाईटखेरीज जेवण व राहण्याची सोय संस्थेकडे असते. म्हणून दौरा लागला की कंटाळा करू नये.

दुसरी गोष्ट आठवड्याची. नाटकवाल्याचा आठवडा शनिवार, रविवार आणि सणाच्या सुट्ट्या यांच्याभोवती फिरतो, आणि तालीम लागली की संध्याकाळी त्याला जोडल्या जातात. उरलेला वेळ विकावा, पण हा वेळ विकू नये. मी कोणतेही काम घेताना हा एकच निकष लावला आणि त्यात न बसणारे चांगल्या पैशांचे कामही सोडले. त्या निकषावर कॉल सेंटर पहिल्याच फेरीत बाद होते. सुट्टी कधी मिळेल हेच ठाऊक नसेल तर तुम्ही व्यवस्थापकाला तारखा देऊ शकणार नाही, आणि ज्याच्या तारखा मिळत नाहीत त्याची भूमिका दुसऱ्याला द्यावी लागते. त्याहून वाईट म्हणजे रात्रभर बोलून घसा बसतो. घसा ही आपली एकमेव मिळकत आहे, ती भाड्याने देऊ नये.

मग कोणती कामे बसतात? नोव्हेंबर ते जानेवारी या काळात शाळांची गॅदरिंग बसवण्याचे काम भरपूर असते. तालमी शाळेच्या वेळेत होतात, म्हणजे तुमची संध्याकाळ मोकळी राहते. दोन शाळा घेतल्या तर हिवाळ्यातले भाडे निघते. एप्रिल-मे महिन्यांत बालनाट्य शिबिरे असतात. महाविद्यालयांचे गट एकांकिका स्पर्धांसाठी बाहेरचा दिग्दर्शक घेतात आणि मानधन देतात. तुम्ही तीन वर्षे एकांकिका केल्या आहेत, तेव्हा हे काम तुम्हाला जमेल. डबिंगचे काम अंधेरी परिसरातील स्टुडिओंमध्ये मिळते, परंतु त्यासाठी वाचन स्वच्छ हवे आणि ओठांच्या हालचालीशी शब्द जुळवण्याचा सराव हवा, म्हणून सुरुवातीला समूहातील आवाजांसाठी जावे. ध्वनिपुस्तकांचे वाचनही आहे. महापालिका व सामाजिक संस्था यांच्यासाठी पथनाट्ये होतात. खेळ पैठणीचा या प्रकारच्या कार्यक्रमांचे निवेदन मी स्वतः चार वर्षे केले आणि प्रेक्षकांच्या अगदी जवळ उभे राहून त्यांना बोलते करणे तेथेच शिकले.

आणखी एक मार्ग तुमच्या नाटकातच आहे. दोन प्रवेशांची भूमिका असेल तर उरलेला वेळ तुम्ही विंगेत बसून असता. संगीत चालवणे किंवा रंगमंच व्यवस्थापनात मदत करणे याची तयारी दाखवा. त्याचे वेगळे पैसे मिळतात. मुख्य म्हणजे संपूर्ण नाटक दर प्रयोगाला ऐकून पाठ होते. मला पहिली मोठी भूमिका अशीच मिळाली. मुख्य अभिनेत्री आजारी पडली तेव्हा ठाण्याच्या प्रयोगाला आठ तास उरले होते, आणि संहिता माझ्याकडे पाठ होती.

प्रवासखर्च अवश्य मागावा. तालमीला येणाऱ्या नटाला गाडीभाडे आणि चहा-वडापाव देणे ही अनेक संस्थांत रीतच आहे, पण न मागणाऱ्याला ती सांगितली जात नाही. पहिल्या वाचनाच्या दिवशी, सगळ्यांसमोर नव्हे, व्यवस्थापकाला बाजूला घेऊन विचारावे. त्याच वेळी नाईट किती, दुपार-रात्र असे दोन प्रयोग झाल्यास किती आणि बाहेरगावी किती हेही ठरवावे आणि रात्री घरी जाऊन तेच मुद्दे त्यांना संदेशाने लिहून पाठवावेत.

उत्तर – माहीमकर

ताईंच्या बहुतेक म्हणण्याशी सहमत आहे, परंतु नोकरीला एवढ्या लवकर बाद करू नये असे माझे मत आहे. मी एका सरकारी बँकेत ३१ वर्षे नोकरी केली आणि त्याच काळात प्रायोगिक व व्यावसायिक नाटकांचे सहाशेहून अधिक प्रयोग केले. दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात ज्यांच्याबरोबर उभा राहिलो, त्यांतील अनेक जण दिवसा कचेरीत असत आणि संध्याकाळी थेट तालमीला येत. निळूभाऊ फुले पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करीत होते. डॉ. श्रीराम लागू यांनी डॉक्टरी सोडून पूर्णवेळ नट होण्याचा निर्णय १९६९ साली घेतला, तेव्हा ते चाळिशी ओलांडून गेले होते. प्रशांत दामले यांनी बेस्टमध्ये नोकरी केली आहे, आणि २०२२ साली त्यांनी १२,५०० प्रयोगांचा टप्पा गाठला. पोट सांभाळून रंगमंचावर उभे राहणारा माणूस कमी दर्जाचा नट ठरतो, हा समज मनातून काढून टाकावा.

आमच्या काळी बँका, बेस्ट, पोर्ट ट्रस्ट, रेल्वे अशा ठिकाणी आंतरकार्यालयीन नाट्यस्पर्धा होत आणि साहेब मंडळी नटाला सांभाळून घेत. तशा नोकऱ्या आता फारशा उरलेल्या नाहीत, हे मला ठाऊक आहे. तरीही शनिवार-रविवार सुट्टी असलेली, संध्याकाळी सहाला सुटणारी साधी कारकुनी, ग्रंथालयातील किंवा शिकवणी वर्गातील नोकरी मिळते. पगार थोडा कमी असला तरी चालेल. महिन्याच्या पाच तारखेला ठरलेली रक्कम हातात पडते तेव्हा माणूस तालमीत वेगळ्या मनाने उभा राहतो. भाड्याच्या चिंतेत असलेला नट समोरच्याचे वाक्य ऐकत नाही, स्वतःच्या वाक्याची वाट पाहत राहतो. हे मी दिग्दर्शक म्हणून फार वेळा पाहिले आहे.

वडिलांविषयी तुम्ही लिहिले आहे ते वाचून थांबलो. तुम्ही ज्या भागातून आला आहात तेथे १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी पहिले नाटक उभे केले आणि सांगलीला आजही लोक नाट्यपंढरी म्हणतात. तुमच्या वडिलांना आपला मुलगा काय करतो आहे हे बहुधा नीट कळत असावे. त्यांना एखाद्या प्रयोगाला बोलवा.

उत्तर – हिशेबवही

मी अभिनेत्री नाही. नऊ वर्षे मालिकांच्या निर्मितीत हिशेबाचे काम पाहते, म्हणून फक्त त्या बाजूचे सांगते.

मालिकेचे पैसे नाटकाच्या पाकिटासारखे प्रयोग संपताच हातात येत नाहीत. साधारणपणे ९० दिवसांनी मिळतात, म्हणजे ऑगस्टमध्ये काम सुरू केले तर पहिली रक्कम नोव्हेंबरअखेरीस येईल. त्यामुळे तुमची आत्ताची टंचाई मालिकेने लगेच मिटणार नाही, उलट पहिले तीन महिने रोजचा प्रवास तुमच्याच खिशातून होईल. हे धरून निर्णय घ्यावा. मानधनातून दहा टक्के टीडीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापला जातो. तुमचे वार्षिक उत्पन्न करपात्र नसेल तर विवरणपत्र भरून ती रक्कम परत मिळते, पण कितीतरी नवे कलाकार विवरणपत्र भरतच नाहीत आणि स्वतःचे पैसे सोडून देतात. तसे करू नका.

दिराची भूमिका असेल तर वीस-बावीस दिवस सांगितले तरी प्रत्यक्षात दिवस कमी-जास्त होतात. करारापूर्वीच लेखी सांगावे की मी अमुक नाटकात काम करतो, माझे प्रयोग शनिवार-रविवारी असतात आणि पुढील महिन्याच्या तारखा मी अमुक दिवसापर्यंत देईन. नाटकाच्या कलाकारांना प्रयोगासाठी दुपारी सोडण्याची व्यवस्था आमच्याकडे नेहमी होते, कारण मराठी मालिकांतील बरेच कलाकार नाटके करतात. मात्र आधी न सांगता ऐन वेळी कोणी निघाले तर संपूर्ण युनिट खोळंबते आणि त्या नटाचे नाव पुढच्या वेळी घेतले जात नाही. चित्रीकरण पुढे सातारा किंवा कोल्हापूरला हलणार आहे का, हेही विचारून घ्या. तसे झाल्यास मुंबईतील नाटक अशक्य होते.

उत्तर – विंगेतून

थकलेल्या नाईटविषयी लिहायचे राहिले. नऊ प्रयोगांच्या तारखा, नाट्यगृह आणि वेळ यांची यादी करा. प्रत्येक प्रयोगाची वर्तमानपत्रातील जाहिरात मिळत असेल तर तिचे छायाचित्र जोडा, कारण प्रयोग झाला याचा तो पुरावा आहे. मग संस्थेच्या पत्त्यावर साध्या, नम्र भाषेत लिहिलेले पत्र स्पीड पोस्टने पाठवा आणि पंधरा दिवसांची मुदत द्या. उत्तर आले नाही तर त्याच पत्राच्या प्रतीसह निर्मात्यांच्या संघाकडे व नाट्य परिषदेकडे जा. वसुलीचा दावा तीन वर्षांच्या आत लावता येतो, तेव्हा वेळ गेलेला नाही. त्या नाटकातील बॅकस्टेजच्या मुलांचेही पैसे अडकले असतील. त्यांची नाईट तुमच्याहून लहान असते आणि त्यांच्यासाठी ती अधिक मोलाची असते. त्यांना बरोबर घेऊन एकच पत्र लिहा.

मालिकेबाबत माझे मत असे की ऑक्टोबरची भूमिका खरोखर मोठी असेल तर तालमीच्या पंचेचाळीस दिवसांत दुसरे काहीही घेऊ नये. मालिका त्याआधी तारखा मान्य करत असेल तर करावी, नसेल तर सोडावी. मोठी भूमिका अर्धवट तयारीने केली तर ती लोकांच्या लक्षात राहते, आणि ते आपल्याला नको असते.

प्रतिसाद – कृष्णाकाठचा

सर्वांचे मनापासून आभार. कॉल सेंटरला आज नकार कळवला. मालिकेच्या समन्वयकांना शनिवार-रविवार आणि ऑक्टोबरच्या तालमी यांविषयी लेखी कळवले आहे. त्यांचे उत्तर आलेले नाही. ९० दिवसांची गोष्ट मला कोणीच सांगितली नव्हती, त्यामुळे डोंबिवलीतील एका शिकवणी वर्गात सकाळच्या वेळेत मराठी शिकवण्याचे विचारून आलो आणि सोमवारपासून बोलावले आहे. थकलेल्या नाईटच्या यादीसाठी बॅकस्टेजच्या तिघांशी बोललो. त्यांच्यापैकी एकाच्या अकरा नाईट राहिल्या आहेत आणि त्याने प्रत्येक तारीख वहीत लिहून ठेवली आहे, त्यामुळे पत्र त्याच्या वहीवरून करतो आहोत.

येत्या रविवारी दुपारी वाशीला विष्णुदास भावे नाट्यगृहात प्रयोग आहे. वडील शनिवारी रात्रीच्या गाडीने निघत आहेत.